कुलूप, साखळी आणि आपली बाईक

कॉलेजच्या स्टँडवर गाडी लावताना आपण दोनदा मागे वळून बघतो. मॉलच्या बाहेर, सिनेमाला, नाक्यावरच्या चहाच्या टपरीवरसुद्धा एक डोळा गाडीवर असतो. आणि घरी? गेट लोटलं, गाडी पोर्चमध्ये टेकवली, हँडल लॉक केलं तर केलं, नाहीतर "घरातच तर आहे" म्हणून सरळ जेवायला!

आता हेच चोराच्या बाजूने बघा. नाक्यावर गाडी किती वेळ उभी राहणार ते त्याला माहीत नसतं, मालक कधीही येऊ शकतो. घरी मात्र तीच गाडी रोज त्याच जागी, त्याच वेळेला, रात्री अकरा ते पहाटे पाच अशी सहा तास उभी असते आणि मालक गाढ झोपेत असतो. म्हणजे गाडीच्या चोवीस तासांतला सगळ्यात लांब आणि सगळ्यात बेवारस वेळ घरच्याच पार्किंगमध्ये जातो. म्हणून हा लेख खास घरच्या पार्किंगबद्दल आहे. (हॉस्टेलवाल्यांनी पान उलटू नये, तुमच्यासाठीही पुढे सोय केली आहे.)

गॅरेज म्हटलं की इंग्रजी सिनेमातलं ते रिमोटने वर जाणारं दार डोळ्यांसमोर येतं. आपल्याकडे गॅरेज म्हणजे बंगल्याचा पोर्च, शटर लावलेला गाळा, पत्र्याची शेड, जिन्याखालची जागा, नाहीतर सोसायटीचं खांबांवरचं पार्किंग. प्रत्येकाची दुखणी वेगळी आहेत, पण चोर सगळीकडे एकच हिशोब करतो: किती वेळ लागेल, किती आवाज होईल आणि कोण बघेल. न फुटणारं कुलूप अजून बनलेलं नाही. आपल्याला फक्त फोडायला लागणारा वेळ कुणीतरी जागं व्हायला लागणाऱ्या वेळेपेक्षा मोठा करायचा आहे. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सपासून थर्ड इयरच्या मटेरियल्सपर्यंत जे शिकलो ते इथे चक्क उपयोगी पडतं!

सुरुवात हँडल लॉकपासून करू, कारण नव्वद टक्के लोकांचा भरवसा त्याच्यावरच असतो (हा आकडा माझा आहे, सर्व्हेचा नाही). हँडल लॉक म्हणजे किल्लीने पुढे सरकणारी एक बारीक पिन. ती चेसिसच्या खाचेत अडकते आणि हँडल फिरत नाही. आता टॉर्क काढा. स्टिअरिंगच्या अक्षापासून हँडलच्या टोकापर्यंत अंतर साधारण ३५ सेंटीमीटर. माणसाने भिंतीला पाठ लावून पायाने रेटलं तर ८०० न्यूटन बळ सहज निघतं. म्हणजे २८० न्यूटन-मीटर. ही पिन अक्षापासून जेमतेम ३ सेंटीमीटरवर असते, त्यामुळे पिनेवर येणारं बळ होतं सुमारे ९३०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ एक टन. पिन ८ मिलिमीटरची धरली तर तिच्यावर १८५ मेगापास्कलच्या आसपास शिअर येतो. चांगल्या स्टीलची पिन एक वेळ हे सोसेल. पण ती ज्या ओतीव घरात बसते ते घर आणि त्याचे स्क्रू हे सोसतीलच असं नाही. साखळी जशी सगळ्यात कमजोर कडीइतकीच मजबूत, तसंच हे. शिवाय हँडल लॉक असलेली गाडी उचलायला कुणाची हरकत? १०० सीसीची गाडी ११०-११५ किलोची असते. तीन माणसं आणि एक टेम्पो, झालं काम. बुलेटवाल्यांना १९० किलोचा अभिमान असतो, पण मग चार माणसं!

डिस्कवर लावायच्या लॉकचंही हेच. गाडी ढकलून नेता येत नाही हे खरं, पण उचलता येते. रस्त्यावर पाच मिनिटांच्या कामाला हे लॉक ठीक आहे. एकच सूचना, लॉकला लाल नाहीतर पिवळी दोरी बांधून ती हँडलपर्यंत आणा. सकाळी लेक्चर गाठायच्या घाईत लॉक विसरून गाडी पुढे घेतली की कॅलिपर जातो आणि आपणही आडवे होतो.

इग्निशनची किल्ली न वापरता गाडी कशी सुरू करतात हे मी इथे लिहिणार नाही. संपादक मंडळ छापणारही नाही. एवढंच सांगते की जुन्या गाड्यांत ते इग्निशन म्हणजे शेवटी एक स्विच आहे, आणि दहा वर्षांच्या वापराने कुलपातल्या पट्ट्या झिजल्या की भलतीच किल्लीही त्यात फिरते. तुमची गाडी अशी 'दयाळू' झाली असेल तर पूर्ण लॉकसेट बदला. नुसती नवी किल्ली कापून आणल्याने आतल्या झिजलेल्या पट्ट्या भरून येत नाहीत.

म्हणजे मुद्दा स्पष्ट आहे. गाडी नुसती अडकवून भागत नाही, ती न उचलता येणाऱ्या कशाला तरी बांधावी लागते. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: साखळी, कुलूप आणि खुंटा. आपल्या आजोबांनी गाय-बैल असेच सांभाळले.

साखळी घ्यायला बाजारात गेलं की पहिल्यांदा समोर येते ती प्लास्टिकचं आवरण असलेली केबल. दीड-दोनशे रुपये, आकड्यांचं कुलूप, दिसायला छान जाड. ते आवरण सोलून बघा. आत बारीक तारांचा पीळ असतो, आणि एकेक तार कापायला फार मोठं अवजार लागत नाही. जाडी बरीचशी प्लास्टिकची. हेल्मेट अडकवायला ती जरूर घ्या.

दुसरी असते हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारी साधी लोखंडी साखळी, ६ मिलिमीटरच्या कडीची. हिचा शत्रू बोल्ट कटर. लांब दांड्यांच्या या कात्रीत दुहेरी तरफ असते, हाताच्या जोराचे जबड्यात कित्येक पट होतात. ६ मिलिमीटर माइल्ड स्टीलची सळी कातरायला साधारण ९ किलोन्यूटन लागतात. ऐकायला खूप वाटतात, पण दोन फुटी कटरला हे काहीच नाही. काकडी कापल्यासारखी कडी कापली जाते, आवाज होतो तो फक्त एक 'टक्'.

आता जाडी वाढवली तर काय होतं बघा. कातरायचं बळ क्षेत्रफळाच्या प्रमाणात, म्हणजे व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ६ वरून १४ मिलिमीटरवर गेलं की साडेपाच पट. त्यात माइल्ड स्टीलऐवजी कठीण केलेलं अलॉय स्टील घेतलं तर ताकद आणखी तिप्पट. गुणाकार करा, सोळा पट! इथे माणसाने चालवायचा बोल्ट कटर हात टेकतो. जबडा एवढा उघडत नाही, आणि उघडलाच तर कडीऐवजी जबड्याची धार उडते.

'कठीण' हा शब्द मी वर सहज वापरला, पण खरी गंमत त्यातच आहे. स्टील पूर्ण आरपार कठीण केलं तर ते काचेसारखं ठिसूळ होतं, मग हातोड्याचा एक घाव पुरतो. मऊ ठेवलं तर हॅक्सॉ चालतो. म्हणून चांगल्या साखळीत केस हार्डनिंग करतात. कडीच्या बाहेरच्या पातळ थरात कार्बन मुरवायचा आणि मग ती पाण्यात किंवा तेलात विझवायची. बाहेर मार्टेन्साइटचं कवच, ५८-६० रॉकवेल सी, हॅक्सॉचं पातं त्यावरून घसरतं. आत मात्र चिवट गाभा, जो हातोड्याचा धक्का पितो. नारळ उलटा करून पाहा, नाही, सरळच पाहा: बाहेर करवंटी, आत खोबरं! मटेरियल्सच्या मॅडमनी हे शिकवलं तेव्हा आम्ही सगळे फक्त डायग्राम किती मार्कांना येते ते विचारत होतो.

याच तत्त्वाचा एक स्वस्त भाऊ आपल्या प्रत्येक साइटवर पडलेला असतो, टीएमटी सळई. ती लाल असताना पाण्याच्या झोताने बाहेरचा थर झटकन थंड करतात, मग आतल्या उष्णतेने तोच थर टेंपर होतो. बाहेर टेंपर्ड मार्टेन्साइटची रिंग, आत मऊ फेराइट-पर्लाइट. पण म्हणून टीएमटीला साखळीची बहीण समजू नका. तिचं कवच भूकंपात वाकण्यासाठी बेताचं ठेवलेलं असतं, हॅक्सॉला ते बधत नाही असं नाही.

आणि ग्राइंडर? प्रामाणिकपणे सांगायचं तर ग्राइंडरपुढे काहीच टिकत नाही. चकतीतले अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण कोणत्याही कठीण केलेल्या स्टीलपेक्षा दुपटीहून कठीण असतात, आणि आता बॅटरीवरचे ग्राइंडर पिशवीत मावतात. फक्त दोन गोष्टी आपल्या बाजूने आहेत. एक, आवाज शंभर डेसिबलच्या आसपास आणि ठिणग्यांची दिवाळी. दोन, जाड आखूड कडीची एक बाजू कापून भागत नाही, शेजारची कडी त्या फटीतून निघत नाही, दुसरी बाजूही कापावी लागते. पहाटे तीनला गल्लीत एवढा वेळ ग्राइंडर चालवायचं धाडस कमी जणांत असतं. कुत्रीच सोडणार नाहीत.

साखळी लावायची कशी हे साखळी कोणती यापेक्षा कमी महत्त्वाचं नाही, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. साखळी जमिनीवर लोळू द्यायची नाही. जमिनीवर पडलेली कडी म्हणजे ऐरणीवर ठेवलेली कडी: छिन्नी-हातोडा चालतो, शिवाय बोल्ट कटरची एक दांडी फरशीला टेकवून दुसरीवर उभंच राहता येतं, म्हणजे हाताच्या जोराऐवजी सगळं अंगाचं वजन. म्हणून साखळी ताठ, जमिनीपासून वर, कमीत कमी सैल. आणि ती फक्त पुढच्या चाकातून कधीच नाही. पुढचं चाक एका अॅक्सलवर असतं. ते निघतं आणि सकाळी तुमच्याकडे साखळीत छान सुरक्षित असं एक चाक उरतं. चेसिसच्या नळीतून साखळी जात असेल तर उत्तम, नाहीतर मागचं चाक आणि स्विंग आर्म दोन्ही कवेत घेऊन. रंग खरचटू नये म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये साखळी ओवा, पंक्चरवाले काका फुकट देतात.

जड साखळी मीटरला चार किलोच्या पुढे भरते. दोन मीटर म्हणजे आठ-नऊ किलो. सॅकमध्ये कोण नेणार? कुणीच नाही! पण घरच्या पार्किंगचा हाच तर मोठा फायदा. साखळी जागच्या जागी राहते, गाडी जाते येते. म्हणून बरोबर न्यायचं हलकं लॉक वेगळं आणि घरचं राक्षसी लॉक वेगळं ठेवा.

कुलपाबद्दल थोडंच. कुलपाची कडी साखळीइतकीच जाड हवी आणि ती जितकी कमी उघडी दिसेल तितकं बरं. खांद्यात लपलेल्या कडीचं कुलूप म्हणूनच जास्त पैशांचं असतं, तिथे कटरचा जबडा शिरत नाही. आपल्या देशात कुलपांची कमी नाही. अलीगढ तर त्यासाठीच प्रसिद्ध, आणि आपल्या मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली धंदा सुरू केला तोही कुलपांचाच, कपाटं नंतर आली. पण भारी कुलूप ज्यात अडकवतो तो कोयंडा कसा आहे हे कुणी बघत नाही. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याने 'कोयंडा' हा शब्द मला हार्डवेअरच्या दुकानातच कळला. शब्द आवडला, वस्तू मात्र बहुतेक ठिकाणी रडकी आहे.) अर्ध्या इंची स्क्रूंवर बसवलेला कोयंडा पहारीच्या एका हिसक्यात कुलपासकट हातात येतो. कोयंड्याला आरपार बोल्ट मारा, नट आतून, आणि नटावर फॅब्रिकेशनवाल्याकडून वेल्डिंगचा एक टिपका मारून घ्या. पावसाळ्यात कुलपाचं भोक खाली तोंड करून ठेवायचं आणि त्यात अधूनमधून तेल सोडायचं. गंजून जड झालेलं कुलूप फोडलं जायच्या आधी आपणच लावायचं सोडून देतो.

आता खुंटा. सिव्हिलवाल्यांनो, सरसावून बसा!

पार्किंगच्या जमिनीत लोखंडी कडी बसवायची, तिला साखळी बांधायची, कल्पना साधी. हार्डवेअरवाल्याला 'अँकर फास्टनर' म्हटलं की कळतं: काँक्रीटमध्ये भोक पाडायचं, बोल्ट ठोकायचा, नट आवळला की खालची पाकळी फुलते आणि घट्ट बसते. पण तो कशात बसवताय? शहाबादी फरशीत बसवला तर फरशी उचलली की फास्टनर बाहेर. पेव्हर ब्लॉक तर नुसता वाळूवर बसलेला असतो. एक ब्लॉक तीन-चार किलोचा. चोर साखळी, कुलूप आणि ब्लॉक तिन्ही घेऊन जाईल आणि तुम्हाला खड्डा ठेवून जाईल. दोन इंची कोबा असेल तर तोही एक पापुद्रा समजा.

खरं काँक्रीट असेल तर अँकर उपटताना तो एकटा येत नाही, काँक्रीटचा उलटा शंकू घेऊन निघतो. या शंकूची ताकद खोलीच्या दीड घातावर वाढते. म्हणजे ४० मिलिमीटरऐवजी ८० मिलिमीटर खोल गेलात तर ताकद दुप्पट नाही, २.८ पट होते. भोक पाडायला पाच मिनिटं जास्त लागतात, पण त्याच पाच मिनिटांत सगळी कमाई आहे. काँक्रीटच्या कडेपासून खोलीच्या दीडपट तरी आत बसवा, नाहीतर शंकू अर्धाच मिळतो. भोकातली धूळ फुंकून काढा. धुळीत बसलेला फास्टनर, विशेषतः रेझिन ओतून बसवायचा केमिकल अँकर, भिंतीऐवजी पिठाला चिकटतो. बोल्टचं डोकं अॅलन कीचं असेल तर त्याच्या खाचेत बेअरिंगची स्टीलची गोळी हातोड्याने ठोकून बसवायची, मग तो किल्लीने खोलता येत नाही. तुम्हालाही येणार नाही, तेव्हा जागा आधी नीट ठरवा.

खाली मुरूम आणि पेव्हर असतील तर सरळ खड्डा खणा. दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल. यात एम-२० काँक्रीट भरलं, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड वाळू, तीन खडी, तर साधारण २२० किलोचा ठोकळा होतो. खड्डा खाली किंचित रुंद ठेवला की तो ठोकळा पाचरीसारखा अडकतो. त्यात २० मिलिमीटरच्या सळईचा 'यू' उलटा रोवायचा, खालची टोकं बाहेर वाकवायची. वर फक्त साखळी जाईल एवढीच कमान ठेवायची, म्हणजे पहार घालायला जागा राहत नाही आणि अंधारात कुणी ठेचही खात नाही. सात दिवस पाणी मारा. पहिल्याच दिवशी गाडी बांधून फोटो काढायचा मोह आवरावा.

सोसायटीत राहणाऱ्यांनी मात्र खांबाला भोक पाडायच्या फंदात पडू नये. खांबाच्या सळया दीड इंचाच्या आतच असतात. ड्रिल सळईला लागलं की गंजाला वाट मिळते. आणि सेक्रेटरीकाकांचा आवाज ग्राइंडरपेक्षा मोठा असतो! त्यापेक्षा खांबाभोवती साखळी गुंडाळा. २३० बाय ४५० चा खांब असेल तर घेर १३६० मिलिमीटर होतो, म्हणजे गाडीपर्यंत पोहोचायला दोन मीटरच्या पुढची साखळी लागेल. मोजूनच दुकानात जा.

साखळी-खुंट्याचं इतकं पाल्हाळ का लावलं, तर आमच्या गल्लीतल्या दूध घालणाऱ्या काकांमुळे. त्यांची १०० सीसीची गाडी बंगल्याच्या आवारात असायची. गेटला चांगलं जाड कुलूप, गाडीला हँडल लॉक. पहाटे चारला ते कॅन बांधायला बाहेर आले तेव्हा कुलूप जसंच्या तसं होतं, साधा ओरखडाही नव्हता. गेट मात्र शेजारी भिंतीला टेकवून ठेवलेलं! आपली बहुतेक लोखंडी गेटं बिजागरीच्या खुंटीवर नुसती ठेवलेली असतात, दोघांनी वर उचललं की निघतात. कुलपाच्या बाजूला हातही न लावता चोरांनी गेट उलट्या बाजूने उघडलं होतं. गाडीचे पाच हप्ते बाकी होते. त्या दिवशी दूध दुपारी बारा वाजता आलं, रिक्षाने. पुढे कित्येक महिने ते सायकलवर कॅन लावून जात होते, निम्मी घरं सोडावी लागली, आणि सोडलेली घरं पिशवीच्या दुधावर गेली ती परत आली नाहीत. आपली गाडी गेली तर आपण फार तर बसने कॉलेजला येऊ. ज्याची गाडी हीच त्याची टपरी, हेच त्याचं ऑफिस, त्याचं काय होतं ते मी रोज सकाळी दारात बघत होते.

उपाय काय होता? वरच्या बिजागरीच्या खुंटीवर लोखंडाचा एक तुकडा वेल्ड करायचा, किंवा वरची बिजागरी उलटी बसवायची, की गेट उचललंच जात नाही. वेल्डरचं दहा मिनिटांचं काम. तुमच्या घरचं गेट आज संध्याकाळी उचलून बघा. शटरच्या गाळ्यातही असाच प्रकार. मधल्या एकाच कुलपावर शटर ठेवलं तर कोपऱ्यात पहार घालून पट्ट्या वाकवता येतात. दोन्ही टोकांना जमिनीलगत कुलूप हवं. पत्र्याच्या शेडमध्ये दाराला कुलूप आणि पत्रा चार जे-बोल्टवर, असा विनोद बऱ्याच ठिकाणी दिसतो.

दिवा लावून ठेवण्यापेक्षा माणूस आला की लागणारा सेन्सरचा दिवा बरा. सतत जळणारा दिवा चोरालाही काम करायला उजेड देतो, अचानक लागणारा दिवा दचकवतो आणि घरातल्यांनाही खिडकीतून कळतो. कॅमेऱ्याबद्दल माझं मत थोडं वाईट आहे. छताजवळून तो टोपीचं चित्र फार सुंदर काढतो. लावायचाच तर येणाऱ्याचं तोंड दिसेल असा गेटजवळ, माणसाच्या उंचीच्या थोडाच वर लावा. आणि दाराशेजारचं ते किल्ल्यांचं लाकडी स्टँड, ज्यावर 'होम स्वीट होम' लिहिलेलं असतं आणि जे खिडकीतून हात घातला की सापडतं, ते कृपया आतल्या खोलीत न्या. इतका वेळ आपण मार्टेन्साइटवर घालवला तो सगळा एका हुकावर लटकलेला असतो.

जीपीएस ट्रॅकरची सध्या फॅशन आहे. चोरी तो थांबवत नाही, झाल्यावर माग काढायला मदत करतो, आणि तेही गाडी लोखंडी कंटेनरमध्ये किंवा तळघरात गेली नाही तर. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी एक हिशोब करावा. ट्रॅकर सरासरी २० मिलिअँपिअर ओढत असेल आणि गाडीची बॅटरी ४ अँपिअर-अवरची असेल, तर २०० तासांत, म्हणजे आठ दिवसांत बॅटरी ठणठणीत रिकामी. सेल्फ त्याच्या बराच आधी बंद पडेल. दिवाळीच्या सुट्टीत गाडी इथे आणि आपण गावी, असं असेल तर स्वतःची बॅटरी असलेला आणि गाडी उभी असताना झोपणारा ट्रॅकर घ्या. हलवलं की कोकलणाऱ्या अलार्मची दुसरीच अडचण. तो मांजरीलाही कोकलतो. आठवड्याभरात शेजारी त्याला 'आलं परत' म्हणून कूस बदलतात. संवेदनशीलता कमी करून, मुद्दाम धक्के मारून तपासून मगच वापरा.

हे सगळे थर लावताना एक गोष्ट रिलायबिलिटीच्या तासाची. एकामागे एक चार अडथळे असतील आणि प्रत्येकाला वेगळं अवजार लागत असेल तर चोराचं ओझं वाढतं, वेळही वाढतो. पण चारही कुलपांच्या किल्ल्या एकाच जुडग्यात आणि जुडगा हुकावर असेल, तर चार थर नसून एकच आहे. पुस्तकात याला कॉमन कॉज फेल्युअर म्हणतात.

हॉस्टेलवाल्यांना खड्डा खणता येणार नाही, रेक्टर सर आपल्यालाच त्यात पुरतील. पण तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी बंगल्यात नसते: खूप गाड्या. दोन गाड्या एकमेकींना उलट तोंडाने उभ्या करा आणि एकाच जाड साखळीने दोन्हींच्या चेसिस बांधा. आता अडीचशे किलोचं, दोन दिशांना तोंड केलेलं, दारातून न मावणारं एक जनावर तयार होतं. तीन बांधल्या तर आणखी मजा. अट एकच, किल्ली ज्याच्याकडे आहे त्याचं पहाटेचं प्रॅक्टिकल नसावं! जिन्याच्या तोंडाशी मात्र अशी मोट बांधू नका. टाक्यांत पेट्रोल असतं आणि आग लागली तर सगळ्यांना त्याच जिन्याने उतरायचं असतं. लांब सुट्टीत राहिलेल्या गाड्या एकत्र बांधून वॉचमनकाकांना नंबरांची यादी द्यावी. कोणती गाडी कुणाची हेच त्यांना माहीत नसेल तर ते अडवणार कुणाला?

शेवटी कागदपत्रांचं. कंटाळवाणं आहे, पण वाचा, कारण दूधवाल्या काकांचं खरं नुकसान इथेच झालं. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्यामुळे 'पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे' असं सगळे म्हणतात. पण थर्ड पार्टीत चोरी येत नाही! चोरी येते ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, आणि तो भाग पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी तो संपतो, पोलीस अडवत नाहीत, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. काकांचा असाच संपलेला होता. सेकंडहँड गाडी घेतलेल्यांनी तर आजच पॉलिसी उघडून बघा. तो भाग चालू असला तरी भरपाई आयडीव्हीइतकीच मिळते. तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के घसारा धरतात, म्हणजे ८० हजारांच्या गाडीचे ४८ हजार.

गाडी गेलीच तर आधी ११२, मग लगेच पोलीस ठाण्यात एफआयआर, आणि त्याच दिवशी विमा कंपनीला कळवायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. चोरी कलम ३०३ मध्ये आणि राहत्या घरातली चोरी कलम ३०५ मध्ये येते, दुसऱ्यात शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. एफआयआर तातडीने केला असेल तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा फेटाळता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितलं आहे. पण त्या भरवशावर राहू नका. चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि हाय सिक्युरिटी प्लेटवर लेसरने कोरलेला क्रमांक यांचे फोटो आजच काढून घरच्यांच्या मोबाइलवर पाठवून ठेवा, कारण गाडी गेल्यावर ते बघायला गाडी नसते.

पोलिसांना गाडी सापडली नाही तर ते 'अ समरी' अहवाल कोर्टात पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण छडा लागला नाही. विमा कंपनी तो कागद मागते. आणि त्याच्याबरोबर गाडीच्या दोन्ही मूळ किल्ल्या मागते. दुसरी किल्ली कुठे आहे, हे घरी फोन करून विचारा.